नागपूरचा ट्रस्ट, कोकणातली कासवे आणि मार्च एंड

प्रश्न थोडक्यात असा आहे: आमचा सार्वजनिक ट्रस्ट नागपूरला नोंदलेला आहे. आजवर पेंच आणि उमरेड-कऱ्हांडलाच्या परिसरात काम केले. आता सिंधुदुर्गातल्या एका गावासोबत ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण करायचे आहे. एक कंपनी सीएसआरमधून (कायद्याने समाजकार्यावर करायच्या खर्चातून) १८ लाख रुपये देणार आहे, धनादेश बहुधा फेब्रुवारीत मिळेल. समुद्राच्या कामाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो का? बोट घ्यावी का? आणि ही सगळी आर्थिक बाजू नागपुरातून सांभाळता येईल का?

फेब्रुवारीतला धनादेश ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी नागपुरात, धंतोलीत बसून बरीच वर्षे निसर्गसंस्थांचे हिशेब पाहते आहे. त्यातल्या काही किनाऱ्यावर काम करतात. पैसे कमी पडल्यामुळे अडलेले प्रकल्प मी पाहिले आहेत, पण चुकीच्या महिन्यात पैसे आल्यामुळे अडलेले त्याहून जास्त पाहिले आहेत.

कोकणात ऑलिव्ह रिडलेची मादी साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला किनाऱ्यावर येऊ लागते. अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात. मार्चच्या मध्यात घातलेल्या घरट्यातली पिल्ले मे महिन्यात वाळूतून वर येतात. म्हणजे ३१ मार्च ही तारीख तुमच्या हंगामाच्या ऐन मध्यात पडते. किनाऱ्यावर रात्रीची गस्त चालू असते, हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित उबावीत म्हणून किनाऱ्यावर केलेल्या कुंपणात, घरटी पुरलेली असतात, आणि नागपुरात आपण वही बंद करून शिल्लक काढत बसलेलो असतो. समुद्राच्या कामाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो तो मुख्यतः यासाठी.

आता फेब्रुवारीत १८ लाख खात्यात आले तर काय होते ते पाहा. आयकरात सूट टिकवायची असेल तर ट्रस्टने त्या वर्षीच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षात उद्दिष्टांवर खर्च करायचा असतो. १८ लाखांचे ८५ टक्के म्हणजे १५ लाख ३० हजार. दीड महिन्यात तुम्ही प्रामाणिकपणे काम केले तर तीन लाख खर्च होतील. उरलेल्या १२ लाख ३० हजारांचे उत्तर द्यावे लागते. आणि खर्च म्हणजे प्रत्यक्ष दिलेले पैसे. नुसते देणे दाखवून चालत नाही. रक्कम पुढच्या वर्षी खर्च करण्याचा पर्याय कायद्यात आहे, किंवा ठरावीक उद्देश लिहून ती पाच वर्षांपर्यंत साठवताही येते. पण त्यासाठीचे फॉर्म मुदतीत ऑनलाइन भरावे लागतात, आणि साठवलेली रक्कम कायद्याने ठरवलेल्या ठेवींतच ठेवावी लागते. (नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून इथे क्रमांक देत नाही. तुमच्या सीएकडून चालू क्रमांक घ्या.)

दुसरी बाजू कंपनीची. ट्रस्टला पैसे दिले म्हणजे कंपनीचा सीएसआर खर्च झाला, असे कायदा मानत नाही. तुम्ही ते वापरले, आणि कंपनीच्या वित्त प्रमुखाने तसे प्रमाणित केले, की खर्च झाला. त्यामुळे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीतून फोन येतो: उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) पाठवा, पूर्ण रकमेचे. इथे चांगली माणसेही घसरतात. शेवटच्या चार दिवसांत टॉर्च, रेनकोट, टी-शर्ट, लॅपटॉप घेतले जातात, मे महिन्याच्या मानधनाची व्हाउचर मार्चमध्येच सही करून ठेवली जातात. असे कधीही करू नका. ते खोटे कागद आहेतच, शिवाय एप्रिल-मेमध्ये गस्त घालणाऱ्या पोरांना द्यायला पैसे उरत नाहीत, आणि बरीच पिल्ले याच दोन महिन्यांत समुद्रात जायची असतात.

यावर उपाय आहे, आणि तो करार होण्याआधीच करावा लागतो. कंपनीला सांगा की हा प्रकल्प त्यांच्या संचालक मंडळाने बहुवार्षिक, म्हणजे ‘ऑनगोइंग’ प्रकल्प म्हणून मंजूर करावा. मग वर्षअखेरीस न खर्चलेली रक्कम कंपनी ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, बँकेतल्या वेगळ्या ‘अनस्पेंट सीएसआर’ खात्यात ठेवते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत ती याच प्रकल्पावर वापरता येते. मंडळाचा तसा ठराव नसेल तर हीच रक्कम सहा महिन्यांत कायद्याच्या अनुसूचीतल्या सरकारी निधीत जमा करावी लागते. सीएसआर विभागातल्या अधिकाऱ्यांना हे माहीत असते, पण ठराव ते आपणहून मागत नाहीत. तो तुम्हीच मागायचा असतो.

एकदा हे ठरले की पैसे हप्त्यांनी घ्या, हंगामाच्या मापाने. माझ्या हिशेबाने १८ लाखांचे तीन भाग होतात: ऑक्टोबरात ८ लाख, जानेवारीत ४ लाख आणि १ एप्रिल उलटल्यावर ६ लाख. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात १२ लाख येतात आणि त्याचे ८५ टक्के, म्हणजे १० लाख २० हजार, ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत सहज खर्च होतात, कारण हॅचरीचे कुंपण, साहित्य, विमा, प्रशिक्षण हा मोठा खर्च सुरुवातीलाच असतो. एप्रिलचा हप्ता नव्या वर्षात पडतो आणि मे महिन्यातल्या शेवटच्या घरट्यापर्यंत पुरतो. तुमचा धनादेश या फेब्रुवारीतच येणार असेल तर कंपनीला विनंती करा की त्यातली छोटी रक्कम आता द्या, म्हणजे गावात बैठका, परवानग्या, किनाऱ्याची पाहणी एवढे करता येईल. उरलेली ऑक्टोबरात. कंपनीने नाही म्हटले, तर पुढच्या वर्षी खर्च करण्याच्या पर्यायाचा फॉर्म वेळेत भरा आणि मार्चमध्ये घाईची खरेदी टाळा.

अंदाजपत्रकात सगळ्यात वर किनाऱ्यावर रात्री चालणारी माणसे हवीत. सहा कासवमित्र, महिना १२ हजार, नोव्हेंबर ते मे सात महिने, म्हणजे ५ लाख ४ हजार. गावातला एक समन्वयक बारा महिने, २२ हजारांनी, २ लाख ६४ हजार. आकडे उदाहरणाचे आहेत, गावात बसून ठरवा. बारा महिने मात्र सोडू नका. पावसाळ्यात कासवे नसतात, तेव्हा समन्वयक कशाला, असे देणगीदार विचारतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि गावातले मच्छीमार घरी असतात. जाळ्यांबद्दल, किनाऱ्यावरच्या दिव्यांबद्दल, भटक्या कुत्र्यांबद्दल निवांत बोलणे याच दिवसांत होते. हंगामाच्या गडबडीत कोणालाच वेळ नसतो.

या पावसाळ्याच्या खर्चाला सीएसआर अधिकारी सहज होकार देत नाहीत. म्हणून ट्रस्टचा स्वतःचा पैसा हवा. कायद्याने उत्पन्नाचा १५ टक्के भाग विनाअट राखता येतो, त्याला वर्षांची मर्यादा नाही. लहान ट्रस्ट हा भाग वाढवायचा विचारच करत नाहीत. नागपूरकर वाघासाठी देणगी देतात. तेच लोक दरमहा ५०० रुपये कासवासाठी देतील, फक्त त्यांच्याकडे जाऊन मागावे लागते. अशी बिनअटीची लहान देणगी मला दहा लाखांच्या अटींसह आलेल्या देणगीइतकीच मोलाची वाटते. तिची करसवलतीची (जुन्या कायद्यातल्या ८०जीची) पावती द्या, २ हजारांवर रोख घेऊ नका (त्यावर देणगीदाराला करसवलत मिळत नाही), आणि देणगीदारांचे विवरण ३१ मेपर्यंत भरा, नाहीतर त्यांची वजावट अडते.

मानधनाबद्दल माझे मत ठाम आहे. ते घरट्यामागे किंवा पिल्लामागे देऊ नका, रात्रीमागे किंवा महिन्यामागे द्या. घरट्यामागे बक्षीस ठेवले की जागच्या जागी सुरक्षित राहू शकणारे घरटेही उकरून हॅचरीत न्यायचा मोह होतो. शिवाय किती माद्या येतील हे कोणाच्या हातात नाही. एखाद्या हंगामात घरटी निम्मी झाली तर ज्याने प्रत्येक रात्र किनारा पालथा घातला त्याला निम्मे पैसे देणार का? याच कारणाने कंपनीला ‘प्रति पिल्लू खर्च’ हा आकडा देऊ नका. त्यांनी तो मागितला तर नम्रपणे समजावून सांगा आणि त्याऐवजी किती किलोमीटर किनारा, किती रात्री, किती घरटी नोंदली, त्यातली किती जागेवरच राखली, हे द्या. करारातच अहवालाचा नमुना जोडला की पुढे वाद होत नाही.

मानधन वेळेवर जाणे ही नागपूरच्या कार्यालयाची पहिली जबाबदारी माना. पहाटे तीन वाजता भरतीच्या रेषेवर चालणाऱ्या माणसाला दोन-दोन महिने ‘वरून आले नाहीत’ म्हणून थांबवणे हा अन्याय आहे. त्यामुळे गाव तुटते ते वेगळेच. महिन्याची ५ तारीख ठरवा आणि ट्रस्टच्या खात्यातून थेट त्यांच्या खात्यात पाठवा. त्यांचा गट अपघात विमा पहिल्या रात्रीआधी उतरवा. ही रक्कम छोटी असते, तरी अंदाजपत्रक कापताना सगळ्यात आधी हाच खर्च कापलेला मी पाहिला आहे. तो कापू देऊ नका.

रोखीबद्दल. एका माणसाला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च ८५ टक्क्यांच्या हिशेबात धरला जात नाही. आता किनाऱ्यावर चहावाल्याकडेही यूपीआय असते, त्यामुळे अडचण फारशी नाही. तरी समन्वयकाकडे ठरावीक रकमेचा अग्रिम ठेवा, समजा १५ हजार. खर्च झाला की पावत्या द्यायच्या, तेवढीच रक्कम पुन्हा भरून घ्यायची. पाच हजारांवरच्या रोख पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प हवा. टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) लागू असेल तिथे कापा, कारण न कापल्यास त्या खर्चाचा ३० टक्के भाग बाद होतो. होडीवाल्याला हे आधीच सांगा, नाहीतर त्याला वाटते की आपण त्याचे पैसे खाल्ले.

बोट घेऊ नका, निदान पहिली तीन वर्षे तरी. घरट्यांच्या संरक्षणाचे काम मुळात किनाऱ्यावर चालते, बोट लागते ती क्वचित. बोट घेतली की नोंदणी, विमा, तांडेल आणि खलाशांचे पगार, इंजिनाची दुरुस्ती, पावसाळ्याआधी वर ओढून ती शाकारणे, हे सगळे बोट वापरा की न वापरा, चालूच राहते. लागेल त्या दिवशी गावातल्याच मच्छीमाराची होडी भाड्याने घ्या, पैसा गावात राहील. भाडे डिझेल आणि माणसांसकट एका दिवसाचे ठरवा. मासेमारी नौकांना डिझेलवर राज्य सरकारकडून कराचा परतावा मिळतो. तुम्ही डिझेलचे बिल वेगळे लावले आणि तेच बिल परताव्यालाही गेले, तर एकाच लिटरचे पैसे दोनदा घेतल्याचा आरोप मच्छीमारावर येईल. आणि सीएसआरच्या पैशातून जी मालमत्ता घ्याल तिची मालकी कोणाकडे राहील हे नियमांत ठरलेले आहे: सीएसआर नोंदणी क्रमांक असलेली संस्था, लाभार्थी गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण. कंपनीच्या नावावर ती राहू शकत नाही. आणखी एक: खारी हवा वस्तू फार लवकर खाते. पेंचमध्ये चार वर्षे चालणारा कॅमेरा किनाऱ्यावर तितका टिकेल असे गृहीत धरू नका. मी साहित्याच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढी रक्कम दरवर्षी दुरुस्ती-बदलीसाठी धरायला सांगते.

जाळ्यात अडकलेल्या कासवांचा विषय निघेलच. मच्छीमाराने जाळे कापून संरक्षित सागरी जीव सोडला तर राज्य शासनाची २५ हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाईची योजना आहे. त्यामुळे ‘जाळ्यांची भरपाई’ असे शीर्षक अंदाजपत्रकात टाकू नका. एकाच नुकसानीला दोन ठिकाणांहून पैसे गेले तर तुमचा लेखापरीक्षक आणि सरकार दोघेही विचारतील. त्याऐवजी समन्वयकाने फोटो, व्हिडिओ काढून अर्ज भरून द्यायचा, पाठपुरावा करायचा. मच्छीमारांना खरी मदत तिथेच लागते.

गावातल्या मंडळाला एकरकमी देणगी देऊन ‘तुम्ही खर्च करा’ म्हणू नका. करसवलत असलेल्या दुसऱ्या ट्रस्टला देणगी दिली तरी ८५ टक्क्यांच्या हिशेबात तिचा फक्त ८५ टक्के भाग धरला जातो. नोंदणीच नसलेल्या मंडळाची गोष्ट त्याहून अवघड. खर्च ट्रस्टनेच थेट करावा, निर्णय मात्र गावासोबत घ्यावा. याउलट, कासव पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या राहण्या-जेवणाचे पैसे ट्रस्टच्या खात्यातून फिरवू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला हे काम घरगुती निवासामुळेही गावात रुजले. तो पैसा घरांत थेट जावा. ट्रस्टच्या पुस्तकात तो आला की धंद्याचे वेगळे हिशेब, जीएसटीचे प्रश्न, आणि गावाचा संशय, तिन्ही मागे लागतात.

जीएसटीवरून एक आठवण. कंपनीचे नाव फलकावर आभार म्हणून लिहिले तर ती देणगीच राहते. त्यांच्या मालाची जाहिरात किनाऱ्यावर लावायचे करारात आले, की ती सेवा ठरू शकते आणि कर लागू शकतो. करारातली ही ओळ वाचल्याशिवाय सही करू नका. तुम्ही जे विकत घेता त्यावरचा जीएसटी तुम्हाला बहुतेक परत मिळणार नाही, तो किमतीतच धरा.

आता नागपूरचा भाग. इथे बसून समुद्राचे काम करण्यात एक मोठी सोय आहे, जी कोकणातल्या संस्थांनाही नाही. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंड्यांना हात लावायचा तर वनविभागाची परवानगी आणि सहभाग हवाच, आणि राज्याच्या वनविभागाचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात आहे. राज्य जैवविविधता मंडळही नागपुरातच आहे. परवानगीचा कागद हा हिशेबाचाही कागद आहे, कारण परवानगीशिवाय झालेल्या कामाचा खर्च उपयोगिता प्रमाणपत्रात बसत नाही. म्हणून घरट्यांच्या कामाचा पहिला हप्ता परवानगीच्या तारखेनंतर मागा.

त्याआधी ट्रस्टची घटना काढून वाचा. कार्यक्षेत्र ‘नागपूर विभाग’ आणि उद्दिष्ट ‘वनसंवर्धन’ एवढेच असेल तर सिंधुदुर्गातला खर्च उद्दिष्टाबाहेरचा ठरण्याची भीती आहे. बदल धर्मादाय आयुक्तांकडून करून घ्या. उद्दिष्टे बदलली तर आयकर विभागाकडेही ३० दिवसांत अर्ज करावा लागतो.

कंपनीचा कारखाना नागपूरजवळच्या बुटीबोरीत असेल तर तिच्या मंडळात कोणीतरी विचारेल की आपला पैसा समुद्रावर का? कंपनी कायद्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे, पण तेच बंधनकारक नाही, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केले आहे. प्राणी-वनस्पतींचे संरक्षण आणि पर्यावरणाचा समतोल त्या कायद्याच्या अनुसूची सातमध्ये, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत, आहेच. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हे दोन ओळींत लिहा.

परदेशी पैशाबद्दल फक्त इतके. तुमच्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत असतील आणि ती मदत करायला उत्सुक असतील. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल तर ठरते, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले तरीही. एफसीआरए, म्हणजे परकीय योगदानाच्या कायद्याखालची, नोंदणी नसताना असे पैसे घेऊ नका. परदेशी मित्रसंस्थेने फुकट पाठवलेला पाण्याखालचा कॅमेराही याच कायद्याखाली येऊ शकतो. नोंदणी मिळाल्यावरही ते पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. पहिल्या दोन हंगामांत या वाटेला जाऊ नका.

नागपुरातून सगळे सांभाळता येईल का, या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: बँक, करार, कर, लेखापरीक्षण इथून; रोजचा हिशेब गावातून. गावातल्याच कोणाला, शक्यतो बचत गटाचा हिशेब लिहिणाऱ्या बाईंना, अर्धवेळ आठ हजारांवर हे काम द्या. त्यांना पावती कशी असावी, हजेरीपट कसा भरावा, हे दोन दिवस बसून शिकवा. दर शनिवारी पावत्यांचे फोटो इकडे आले की सोमवारी नोंदी व्हाव्यात आणि शंका त्याच आठवड्यात विचाराव्यात. सप्टेंबरमध्ये, लेखापरीक्षणाच्या वेळी, सहा महिने जुन्या होडीभाड्याची पावती कोणाला आठवत नाही. नागपूरच्या विश्वस्तांपैकी एकाने हंगामात दोनदा किनाऱ्यावर जावे, एकदा डिसेंबरात आणि एकदा एप्रिलमध्ये. त्या प्रवासाचे पैसे अंदाजपत्रकात उघडपणे दाखवा. आणि पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक मार्चमध्ये इथे बसून करू नका. जूनमध्ये, शेवटचे घरटे संपल्यावर, गावात कासवमित्रांसोबत बसून करा. कंपन्यांचे सीएसआरचे आराखडे नवे आर्थिक वर्ष सुरू होताना ठरत असतात, म्हणून कंपनीला मार्चमध्ये फक्त एकूण रकमेचे पत्र द्या आणि जुलैत तपशील पाठवू असे त्यात लिहा.